पाकिटावरचे शिक्के

[दृश्य: मोबाइलचा पडदा. एक मेल उघडलेला. विषय – ‘दोन तासांत वैयक्तिक कर्ज’.]

हा मेल मला आला. पण ज्या पत्त्यावर आला, तो नीट बघा. आधी माझं नाव, मग अधिकचं चिन्ह आणि त्याला चिकटून एक शब्द – ‘चष्मा’. जीमेलवर आपल्या नावापुढे असं शेपूट जोडलं, तरी मेल आपल्यालाच मिळतो. हे शेपूट लावलेला पत्ता मी एकाच ठिकाणी दिला होता. आईचा चष्मा केला त्या दुकानात, बिल मेलवर हवं होतं म्हणून, काउंटरवरच्या वहीत माझ्या हातानं लिहून.

त्या कर्जवाल्याशी माझा काडीचा संबंध नाही. तरी हा पत्ता त्याच्याकडे आहे. म्हणजे पत्ता कुठून फुटला, ते कळलं. मेल कुणी पाठवला, ते अजून कळायचं आहे.

[दृश्य: जुनं आंतरदेशीय पत्र. कॅमेरा प्रेषकाच्या नावावरून शिक्क्यांकडे सरकतो.]

पत्राच्या मागे ‘प्रेषक’ म्हणून कुणाचंही नाव लिहा, पोस्टमन विचारायला येत नाही. ईमेलचंही तसंच आहे. मेल पोचवण्याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढले. तेव्हा नेटवर्कवर विद्यापीठं आणि संशोधन संस्थांमधले मोजकेच संगणक होते. पाठवणारा खरंच तोच आहे का, हे तपासायची सोय त्या नियमांत नव्हती. त्याच्या चार वर्षं आधी, मे १९७८ मध्ये, गॅरी थर्क यांनी आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावरच्या, सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली होती. लोक चिडले, पण शोधाशोध करावी लागली नाही. मेल उघडपणे त्यांच्या कंपनीच्या नावानंच आला होता.

आज नाव खोटं असतं. म्हणून शिक्के वाचायचे.

[दृश्य: संगणकावर मेलचा मेनू. ‘शो ओरिजिनल’वर क्लिक. पडदा बारीक अक्षरांनी भरतो.]

घाबरू नका, यातल्या फक्त ‘रिसीव्ह्ड’ने सुरू होणाऱ्या ओळी बघायच्या. मेल ज्या ज्या सर्व्हरच्या हातातून जातो, तो प्रत्येक जण आपली ओळ सगळ्यात वर चढवतो – अमक्याकडून मिळाला, अमुक वाजता. त्यामुळे सर्वांत जुना शिक्का तळाशी.

आणि इथेच बहुतेक जण फसतात. थेट तळाची ओळ गाठतात आणि ‘सापडला!’ म्हणतात. पण पत्र पेटीत टाकण्याआधीच त्यावर दोन-चार खोटे शिक्के मारून ठेवता येतात. विश्वास ठेवायचा तो आपल्या स्वतःच्या मेलसेवेनं मारलेल्या शिक्क्यांवर. म्हणून वरून खाली यायचं. आपल्या सेवेनं बाहेरच्या ज्या यंत्राकडून मेल घेतला, त्याचा आयपी क्रमांक, म्हणजे त्या यंत्राचा इंटरनेटवरचा पत्ता, तिच्या ओळीत असतो, आणि तो क्रमांक पाठवणाऱ्याला सहजी बदलता येत नाही. ‘हूइज’ नावाच्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या नोंदवहीत तो टाकला, की तो कोणत्या कंपनीच्या ताब्यात आहे आणि तक्रार कुठे करायची, ते कळतं.

तक्रार जरूर करा. पण त्या यंत्राच्या मालकाला शिव्या घालू नका. पुष्कळदा ते कुणाच्या तरी घरातलं असतं, व्हायरस शिरलेलं, आणि मालकाला पत्ताही नसतो. अशा हजारो-लाखो यंत्रांच्या फौजेला बॉटनेट म्हणतात. फौजेला हुकूम सोडणारा दुसरीकडेच बसलेला असतो.

[दृश्य: कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा नकाशा. सर्व्हरचे दिवे विझत जातात.]

त्याचे हुकूम कुठून सुटतात, हे ११ नोव्हेंबर २००८ला जगानं बघितलं. सॅन होजेमध्ये मॅकोलो नावाची सर्व्हर भाड्यानं देणारी कंपनी होती. अनेक मोठ्या बॉटनेटना हुकूम सुटत होते ते तिच्याकडच्या सर्व्हरवरून. सुरक्षा संशोधक कित्येक महिने पुरावे गोळा करत होते. पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी ते पुरावे मॅकोलोला इंटरनेट पुरवणाऱ्या दोन कंपन्यांपुढे ठेवले, आणि त्यांनी जोडणी तोडली. जगभरातला रद्दी मेल एका दिवसात निम्म्याहून खाली आला. अटक नाही, खटला नाही, दोन तारा काढल्या फक्त! मला हा प्रसंग पुन्हा पुन्हा सांगावासा वाटतो, कारण ‘याला काही इलाजच नाही’ असं म्हणणाऱ्याला तो थेट उत्तर देतो. काही महिन्यांत फौजा पुन्हा उभ्या राहिल्या, हेही खरं.

कारण पैसा चालू होता. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एका बॉटनेटमध्ये शिरकाव करून हिशेब मांडला. एका औषधविक्रीच्या मोहिमेत २६ दिवसांत जवळपास ३५ कोटी मेल गेले, आणि खरेदीपर्यंत पोचले २८ जण. मेल पाठवणं इतकं स्वस्त, की तेवढ्यावरही दुकान चालतं. मग २०११मध्ये संशोधकांनी अशा मेलमधल्या वस्तू स्वतः विकत घेतल्या आणि कार्डाचे पैसे कुठे जमा होतात, त्याचा माग काढला. औषधं, नकली चीजवस्तू, सॉफ्टवेअर यांच्या जाहिराती करणाऱ्या मेलपैकी ९५ टक्क्यांमागचा पैसा मूठभर बँकांतून जात होता. यंत्रं लाखो, बँका बोटावर मोजण्याइतक्या.

[दृश्य: चष्म्याच्या दुकानाचा काउंटर. वही. पाटी दिसत नाही.]

कर्जाच्या मेलचा आयपी क्रमांक एका भाड्याच्या सर्व्हरचा निघाला. त्या सर्व्हरच्या कंपनीला मी शिक्क्यांसकट सगळा मेल पाठवला. त्या मेलमधल्या ‘अनसबस्क्राइब’ला हात लावला नाही, अनोळखी माणसाला ते दाबणं म्हणजे ‘हा पत्ता चालू आहे’ असं कळवणं. मग दुकानात गेलो. वही अजून काउंटरवरच होती, उघडी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. मालक म्हणाले, “दादा, आम्ही कुणाला दिलं नाही हो.” मी मोबाइलवर तो पत्ता दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, मेसेज पाठवायचं काम त्यांनी बाहेर दिलंय, सगळी यादी त्या पोराकडे असते.

माझ्या पानाआधीची पानं मी चाळली नाहीत. पण आईच्या नंबरखाली, त्याच पानावर, आणखी ११ जणांचे पत्ते होते. त्यांच्या पत्त्यांना शेपूट नव्हतं.