बांध म्हणजे काय?

नमस्कार, श्रोतेहो.

मी धारावीतल्या एका शाळेत तिसरीला शिकवते. माझ्या वर्गात एक मुलगा होता, धडा घडाघडा वाचायचा. लहान मुलांना वाचन आणि गणित नीट यावं म्हणून केंद्र सरकारचं 'निपुण भारत' अभियान २०२१ साली सुरू झालं. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत, तेही अर्थ समजून, असं त्यात म्हटलंय. हा पठ्ठ्या साठ शब्द सहज ओलांडायचा.

एकदा वाक्य आलं, 'आजोबा बांधावर बसून भाकरी खात होते.' मी सहज विचारलं, "बांध म्हणजे काय रे?"

"बाई, गाठोडं. बांधलेलं असतं ना!"

त्याचं तरी काय चुकलं? नव्वद फुटी रस्त्यालगत वाढलेलं पोर, शेत कधी बघितलेलं नाही. घरी शिलाईचा माल मात्र रोज गाठोड्यांतून यायचा. आजोबा गाठोड्यावर बसलेत, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे अगदी स्पष्ट होतं. न समजता वाचणारं मूल वेगळं आणि आपल्या परीने अर्थ लावणारं वेगळं, हे मला तेव्हा कळलं. मी खडूने फरशीवर चार शेतं आखली आणि मधल्या रेघांवरून मुलांना चालवलं. एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या गल्लीत गटारावरच्या लाद्यांवरून असंच चालतो आम्ही." झालं, बांध समजला.

जोडाक्षरांचंही तसंच. 'र' मुलांना फार छळतो. मग आम्ही लोकलच्या स्टेशनांची नावं घेतो. 'कुर्ला' आणि 'चर्चगेट'मध्ये तो डोक्यावर बसतो, 'ग्रँट रोड' आणि 'मुंब्रा'त पायाशी तिरपा होतो. बोलताना आधी येणारा 'र' लिहिताना पुढच्या अक्षरावर का चढतो, हे पोरं 'कुर्ला' चारदा मोठ्याने म्हणून स्वतःच शोधतात.

पण माझी सगळ्यात मोठी चूक मला एकटीला कधीच दिसली नसती. शेजारच्या वर्गाच्या बाई एक तास मागच्या बाकावर येऊन बसल्या. मी कसं शिकवते यावर त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. फक्त प्रश्न कुणाला गेला, तेवढं वहीत टिपलं. मी एकवीस प्रश्न विचारले होते, त्यातले सोळा पहिल्या दोन बाकांना. वही बघून मला त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या वर्गात बसले.

मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांतून चालतात. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर तमिळ माध्यम आहे. तिथल्या बाई गोष्ट आधी मुलांच्या घरच्या बोलीत सांगून घेतात. माझ्याकडे भोजपुरी बोलणारी मुलं आहेत, अहिराणी बोलणारीही आहेत. आता मीही तसंच करते. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आम्हा शिक्षकांच्या बैठकीत, असं एकमेकींकडून शिकायला जास्त वेळ मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

परवा तोच धडा नव्या वर्गाला घेतला. प्रश्न शेवटच्या बाकापासून सुरू केले. जूनपासून गप्प असलेली एक मुलगी उठली. "बाई, आजोबा बांधावर का जेवतात? घरी का नाही जात?"

मी उत्तर द्यायच्या आत जालन्याकडचा एक मुलगा म्हणाला, "अगं, घर लांब पडतं. परत येईपर्यंत बैल कोण बघणार?"

नमस्कार.