काठीवरचा गरुड

[दृश्य: काचेच्या पेटीत कांस्याचा पक्षी. कॅमेरा पायांपासून सावकाश वर सरकतो.]

इंग्लंडमधल्या रेडिंग शहराच्या संग्रहालयात हा पक्षी ठेवलाय. कांस्याचा, उंचीला वीतभरही नाही. पंख केव्हाच निखळून गेलेत. १८६६ साली सिल्चेस्टरला एका रोमन नगराचं उत्खनन चालू होतं. तिथल्या सभागृहाच्या जळक्या राड्यारोड्यात तो हाती लागला. खोदकाम करणारे रेव्हरंड जॉइस यांची खात्री पटली, की हा रोमन लीजनचा, म्हणजे सुमारे पाच हजार सैनिकांच्या दलाचा, काठीवर मिरवायचा निशाणाचा गरुड आहे.

आता त्याच्या नख्या बघा. सपाट बैठकीवर टेकाव्यात तशा त्या नाहीत, आत वळलेल्या आहेत. एखादा गोळा धरावा तशा. हा पक्षी एका गोलावर बसलेला असावा आणि तो गोल रोमनांचा देवराज ज्युपिटर याच्या किंवा सम्राटाच्या पुतळ्याच्या हातात असावा, असं आज अभ्यासक मानतात. म्हणजे हा गरुड कधी रणात गेलाच नाही. लीजनचा म्हणून छातीठोकपणे दाखवता येईल असा एकही गरुड आजवर सापडलेला नाही.

मग तो दिसायचा कसा, हे कुणाला विचारायचं? ज्यानं तो खांद्यावर वाहिला, त्यालाच.

[दृश्य: माइन्झमधली समाधिशिला.]

हा ग्नेयस मुसियस. चौदाव्या लीजनचा अक्विलीफर, म्हणजे गरुड वाहणारा. जर्मनीतल्या माइन्झला त्याची ही समाधिशिला आहे. वय ३२, नोकरी १५ वर्षं. म्हणजे सैन्यात आला तेव्हा सतराचा पोरगा होता. गाव उत्तर इटलीतलं वेलेया. दगड उभा केला भावानं, मार्कसनं. तोही त्याच सैन्यात सेंच्युरियन, म्हणजे तुकडीचा नायक होता.

मुसियसचं डोकं उघडं आहे. छातीवर शौर्याची गोल पदकं, एका हाताशी ढाल, दुसऱ्या हातात काठी. काठीच्या टोकाला गरुड, पंख वर उचललेले, नखांत ज्युपिटरचं वज्र, भोवती पानांचं कडं. पडद्यावर अशा गरुडाखाली हमखास SPQR या चार रोमन अक्षरांची पाटी लटकत असते. या दगडावर तशी पाटी नाही. गरुडधारी म्हटलं की डोक्यावर लांडग्याचं कातडं चढवायची पद्धतही पडलीय. कातडी पांघरायचे ते मुख्यतः तुकड्यांचे निशाणदार, सिग्नीफर. मुसियसला कोरणाऱ्यानं त्याच्या डोक्यावर काहीच दाखवलेलं नाही.

एवढ्याशा धातूच्या पक्ष्याला इतकी किंमत का, ते कळायला लीजनची मांडणी बघावी लागते.

आठ जणांचा एक तंबू. दहा तंबूंची एक सेंच्युरी. नावात शंभर असले तरी माणसं ८०च. सहा सेंच्युरी म्हणजे ४८० जणांचा कोहॉर्ट आणि दहा कोहॉर्ट मिळून लीजन. इसवी सनाच्या पहिल्या शतकात पहिला कोहॉर्ट वेगळा भरायला लागले: त्यात पाचच सेंच्युरी, पण प्रत्येकीत १६०. सगळी बेरीज ५,१२०, शिवाय १२० घोडेस्वार. प्रत्येक सेंच्युरीचं स्वतःचं निशाण, म्हणजे एका लीजनमध्ये ५९ निशाणं. गरुड मात्र एकच. तो पहिल्या कोहॉर्टमध्ये, लीजनच्या सर्वांत ज्येष्ठ सेंच्युरियनच्या जबाबदारीवर.

पूर्वी तो एकटा नव्हता. लांडगा, मिनोटॉर, घोडा, रानडुक्कर अशी आणखी चार निशाणं त्याच्याबरोबर असत. इ.स.पू. १०४ मध्ये रोमन सेनापती मारियसनं बाकीची बाजूला ठेवली, असं रोमन लेखक थोरला प्लिनी लिहितो. प्रजासत्ताकाच्या काळात चांदीचा गरुड होता, सम्राटांच्या काळात सोन्याचा आला.

[दृश्य: छावणीचा आराखडा. मधोमध मुख्यालय, त्यात एक लहान देवघर.]

कायमच्या छावणीत गरुडाची जागा मुख्यालयाच्या देवघरात असे. सणावाराला त्याला तेल लावत, हार घालत. लीजनची तिजोरीही तिथंच. आता या तिजोरीचा हिशेब ऐका, कारण कादंबऱ्यांत हा भाग सहसा येत नाही. सम्राटाकडून मिळणाऱ्या बक्षिसाच्या रकमेतला अर्धा वाटा सैनिकाला निशाणांपाशी जमा करावा लागे. सैन्यशास्त्रावर लिहिणारा रोमन लेखक वेजेटियस सांगतो, दहा कोहॉर्टच्या दहा थैल्या असत आणि अकरावी थैली मयतासाठी. तिच्यात सगळी लीजन थोडंथोडं टाकायची. कुणी गेला की खर्च त्या थैलीतून. हे सगळं सिग्नीफरांच्या ताब्यात, म्हणून त्या कामाला नुसता दांडगा गडी चालत नसे. लिहिता-वाचता येणारा आणि विश्वासू माणूस लागे. वेजेटियस यामागचं कारणही देतो: ज्याची पुंजी निशाणापाशी आहे तो निशाण सोडून पळत नाही.

काठीच्या खालच्या टोकाला अणी असे. मुक्काम पडला की ती जमिनीत रोवायची, निघताना उपटायची. साधीशीच गोष्ट, पण इथंच घोटाळा व्हायचा. इ.स.पू. ५३ मध्ये रोमन सेनापती क्रॅससचं सैन्य पार्थियावर, म्हणजे आजच्या इराणच्या बाजूच्या साम्राज्यावर निघालं. युफ्रेटिस ओलांडायच्या वेळी एका लीजनचा गरुड जमिनीतून हलेना. इतिहासकार डिओ कॅसियस लिहितो, बऱ्याच जणांनी जोर लावला तेव्हा कुठे तो निघाला. सैन्यानं तो अपशकुन मानला. थोड्याच दिवसांत कॅऱ्हीच्या माळावर पार्थियन तिरंदाजांनी त्या सैन्याची वाताहत केली. चरित्रकार प्लुटार्कच्या मते २० हजार मेले, १० हजार पकडले गेले. गरुड शत्रूच्या हाती पडले.

ऐन लढाईत गरुड कसा कामाला येतो, हे सीझर दोनदा दाखवतो. इ.स.पू. ५५ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावर माणसं खोल पाण्यात उतरायला कचरत होती. तेव्हा दहाव्या लीजनचा गरुडधारी ओरडला, "उड्या टाका रे गड्यांनो, गरुड शत्रूच्या हाती द्यायचा नसेल तर!" आणि गरुड घेऊन त्यानं स्वतःच आधी उडी घेतली. गरुड गेला म्हटल्यावर बाकीच्यांना मागं राहणं शक्यच नव्हतं. पुढच्याच वर्षी गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सच्या बाजूला) अँबिओरिक्स या टोळीप्रमुखानं एका तळावरच्या रोमनांना फसवून बाहेर काढलं आणि वाटेत गाठलं. जे थोडे परत तळापर्यंत पोचले त्यांत लुसियस पेत्रोसिडियस हा गरुडधारी होता. शत्रूनं चारी बाजूंनी घेरलं. त्यानं गरुड तटाच्या आत भिरकावला आणि स्वतः बाहेरच लढत मेला. आतल्यांनी रात्रीपर्यंत तळ कसाबसा राखला आणि मग एकूण एक जणांनी आपल्याच हातानं जीव दिला.

[दृश्य: दाट झाडी, दलदल.]

इसवी सन ९. जर्मनीतलं ट्यूटोबुर्गचं जंगल. रोमन सेनापती वारुसच्या सतराव्या, अठराव्या आणि एकोणिसाव्या लीजनला जर्मन सरदार आर्मिनियसनं अरुंद वाटेवर गाठलं. रांग लांबलेली, पाऊस, चिखल. फळी धरायला जागाच नाही, आणि फळी नसली की लीजन म्हणजे नुसती माणसांची गर्दी. रोमन इतिहासकार फ्लोरस लिहितो, एका निशाणदारानं गरुड काठीवरून उपसला, कमरेच्या पट्ट्याच्या घडीत लपवला आणि तो रक्तानं भरलेल्या दलदलीत शिरला. तरीही तिन्ही गरुड गेले.

परत मिळायला ३२ वर्षं लागली. एकोणिसाव्या लीजनचा गरुड इ.स. १५ मध्ये ब्रुक्टेरी टोळीकडे मिळाला. दुसरा मार्सी टोळीनं एका राईत पुरला होता आणि पहाऱ्याला मोजकी माणसं ठेवली होती. त्यांच्याच सरदारानं जागा सांगितली. इ.स. १६ मध्ये रोमनांच्या एका तुकडीनं समोरून पहारेकऱ्यांना झुंजवत ठेवलं आणि दुसरीनं मागून जाऊन जमीन उकरली. तिसरा ४१ मध्ये, सम्राट क्लॉडियसच्या राज्यात. गरुड आले, पण १७, १८ आणि १९ हे क्रमांक रोमनं पुन्हा कुठल्याही लीजनला दिले नाहीत.

कॅऱ्हीला गेलेली निशाणं सम्राट ऑगस्टसनं त्याआधीच, इ.स.पू. २० मध्ये, लढाई न करता बोलणी करून परत आणली होती. तो प्रसंग त्यानं नाण्यांवर पाडला. रोमजवळच्या प्रिमा पोर्ता इथल्या त्याच्या पुतळ्याच्या चिलखतावरही तो कोरलेला आहे: मधोमध एक पार्थियन, हातात गरुडाची काठी.

[दृश्य: पुन्हा रेडिंगचा पक्षी.]

गेलेला गरुड शोधून आणायचा, ही गोष्ट इतिहासातच तयार होती. रोझमेरी सटक्लिफ यांनी १९५४ मध्ये 'द ईगल ऑफ द नाइन्थ' ही कादंबरी लिहिली, तेव्हा तिच्यात दोन कोडी एकत्र आणली: सिल्चेस्टरचा हा पक्षी आणि ब्रिटनमधून गायब झालेली नववी लीजन. नायक मार्कस बापाच्या लीजनचा गरुड शोधत हेड्रियनच्या भिंतीपलीकडे, म्हणजे रोमन ब्रिटनच्या उत्तर सरहद्दीपलीकडे जातो. पुढं त्यावर सिनेमाही आला, आणि उत्तरेच्या धुक्यात हरवलेली लीजन लोकांच्या डोक्यात पक्की बसली. कादंबरी म्हणून ती जोड फारच सुंदर आहे. मला वाटतं, तिची ताकद शोधकथेत कमी आणि बापाच्या बदनामीचं ओझं वाहणाऱ्या मुलात जास्त आहे. गरुड गमावणं म्हणजे त्या माणसांसाठी काय होतं, ते लेखिकेला नेमकं कळलं होतं.

[दृश्य: यॉर्कचा शिलालेख, फुटलेल्या कडा.]

नवव्या लीजनचा ब्रिटनमधला शेवटचा तारखेचा पुरावा हा. यॉर्क, इ.स. १०७ किंवा १०८, सम्राट ट्रेजनच्या काळातलं बांधकाम. आकडा बघा: पडद्यावर दिसतो तसा आय-एक्स नाही, व्ही आणि पुढं चार उभ्या रेघा. नंतर नेदरलँड्समधल्या नाइमेखेनला याच लीजनच्या शिक्क्याच्या विटा-कौलं निघाली. त्यामुळे सगळी लीजन स्कॉटलंडच्या डोंगरात संपली, हे मानणं अवघड झालं. १२२ च्या सुमारास सहावी लीजन ब्रिटनमध्ये आली आणि पुढं यॉर्क तिचंच झालं.

रोममध्ये एका खांबावर सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळातली लीजनची यादी कोरलेली आहे, प्रांतांच्या क्रमानं. सुरुवात ब्रिटनपासून: दुसरी, सहावी, विसावी. खाली शेवटपर्यंत वाचत गेलं तरी हिस्पाना हे नाव, नवव्या लीजनचं नाव, कुठेच येत नाही.