सहा जणांची मशीनगन

भावांनो, धुळ्यात पहाटे भरतीसाठी धावणारी पोरं आज समोर बसली आहेत. म्हणून पहिल्या महायुद्धातले शिपाई खुदादाद खान यांच्याविषयी बोलताना मी पदकापेक्षा त्यांच्या हातातल्या मशीनगनविषयी जास्त बोलणार आहे.

जन्म १८८८चा, पंजाबात चकवालजवळच्या डब गावातला. पलटण १२९वी बलुची. ही पलटण मूळची मुंबई फौजेची, म्हणजे आपला खानदेश ज्या इलाख्यात होता त्याच इलाख्याची.

आता ती मॅक्झिम गन. मिनिटाला सुमारे ५०० गोळ्या. पट्टा २५० गोळ्यांचा, म्हणजे सलग झाडला तर अर्ध्या मिनिटात रिकामा! नळीभोवती पाण्याची टाकी, साधारण चार लिटरची. दोन-तीन पट्टे झाले की पाणी उकळायला लागतं. पट्टा सुती कापडाचा. ओला कापूस कसा फुगतो हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. तसा पट्टा फुगला की गोळी अडकते, गन मुकी होते. म्हणून एकाने चाप दाबायचा, दुसऱ्याने पट्टा सरळ धरायचा, बाकीच्यांनी मागून गोळ्यांच्या पेट्या आणि पाणी पुरवायचं. हे एकट्याचं हत्यारच नव्हे.

३१ ऑक्टोबर १९१४. बेल्जियममधलं होलेबेक. जर्मन फौज समुद्राकडची बंदरं गाठायला निघालेली, समोर आपली माणसं थोडी, आणि पलटणीकडे मशीनगन फक्त दोन. एक तोफगोळ्याने निकामी झाली. तुकडीचा गोरा अधिकारी जखमी झाला. खुदादाद स्वतः जखमी. तरी दुसरी गन चालू राहिली. शेजारचे पाचही जण मारले जाईपर्यंत ते ती चालवत राहिले. सहा जणांत वाटलेलं काम शेवटी एका जखमी माणसाच्या अंगावर आलं, हे नीट डोळ्यांपुढे आणा. नुसतं ‘शूर होते’ म्हणून पुढे जाऊ नका. शत्रूने त्यांना मेलेलं समजून सोडलं आणि रात्री ते सरपटत पलटणीत परतले.

व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, हिंदी शिपायांना १९११ पर्यंत मिळतच नसे. तो मिळवणारे खुदादाद हे पहिले हिंदी शिपाई. पुढे ते सुभेदार झाले आणि १९७१मध्ये, आता पाकिस्तानात असलेल्या पंजाबात, वारले.

डिसेंबर १९१४च्या राजपत्रात त्यांच्या पराक्रमाची नोंद एका वाक्यात आहे. त्यात त्या पाचांचा उल्लेख आहे तो ‘इतर पाच जण’ एवढाच. मला हे फार लागतं. पट्टा धरणारा, पाणी आणणारा नसता तर ती गन तेवढा वेळ टिकलीच नसती.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी, पणजोबांच्या ट्रंकेत, पहिल्या महायुद्धाचं गोल पदक असेल. त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक घासून चकाकवू नका, अक्षरं झिजतात. भिंग घेऊन उजेडात वाचा, वहीत उतरवून ठेवा आणि गावातल्या शाळेत त्याची एक प्रत द्या.