केरोला पाणी किती?

(दृश्य : महामार्ग. समोर रेल्वेचा मातीचा भराव, त्याखालून जाणारा रस्ता.)

गावात शिरण्याआधी जरा वर बघा. रस्त्याच्या डोक्यावर एक पोलादी दार टांगलेलं आहे. वजन सुमारे 80 टन. पूर चढायला लागला की हे दार खाली सोडायचं. मग रस्ता बंद, आणि आतलं गाव चारही बाजूंच्या बांधांमध्ये बंदिस्त. बाहेर पाणी, आत माणसं.

या गावाचं नाव केरो. स्पेलिंग इजिप्तच्या राजधानीचंच आहे, पण इथले लोक केरो म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याचं हे अगदी दक्षिणेचं टोक. एका अंगाला ओहायो, दुसऱ्या अंगाला मिसिसिपी, आणि गावाच्या पायथ्याशी दोघींचा संगम.

1920 च्या जनगणनेत इथं 15,203 माणसं होती. 2020 मध्ये 1,733. मधल्या शंभर वर्षांत काय घडलं ते इथल्या रस्त्यांवरच लिहिलेलं आहे. फक्त सावकाश चालायला हवं.

(दृश्य : वॉशिंग्टन अ‍ॅव्हेन्यू. मॅग्नोलियाची जुनी झाडं.)

सुरुवात श्रीमंतीपासून करू. हा विटांचा उंच वाडा म्हणजे मॅग्नोलिया मॅनर. 1872 मध्ये बांधून झाला, खोल्या 14. मालक चार्ल्स गॅलिगर, पिठाचा व्यापारी. उत्तरेची राज्यं आणि गुलामगिरी राखू पाहणारी दक्षिणेची राज्यं यांच्यातल्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याला पीठ पुरवून तो गबर झाला. 1861 मध्ये उत्तरेचा सेनानी जनरल ग्रँटचा तळ याच गावात होता, कारण दोन्ही नद्यांवर नजर ठेवायला याहून मोक्याची जागा नव्हती. सैनिक आले, आगबोटी आल्या, पैसा आला. आणि दक्षिणेतून निसटलेली गुलाम माणसंही आली, हजारोंनी. त्यांच्यासाठी केरो म्हणजे स्वातंत्र्याचा पहिला काठ. वाड्याइतकीच ही गोष्टही लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

थोडं पुढे गेलं की सॅफर्ड वाचनालय, 1884 चं. आजूबाजूला नुसते मोकळे चौथरे, गवत वाढलेले प्लॉट, आणि मधोमध ही देखणी इमारत. मला या गावातली सगळ्यात आवडलेली जागा हीच.

त्या काळात केरोला थांबणं भागच होतं. आगबोटी इथं कोळसा घेत, माल उतरवत. ओहायोवर पूल नव्हता तेव्हा आगगाडीचे डबे बोटीवर चढवून पलीकडे न्यावे लागत, म्हणजे गाडीलाही इथं थांबणं आलंच. 1889 मध्ये रेल्वेचा पूल झाला आणि गाड्या न थांबता पार होऊ लागल्या. 1978 मध्ये मिसिसिपीवर आंतरराज्य महामार्गाचा पूल झाला, मग मोटारीही बाहेरूनच निघून गेल्या. केरो का ओस पडलं, याचं हे नेहमी सांगितलं जाणारं कारण. ते खोटं नाही. पण ते अर्धंच आहे, कारण आगबोटींचे दिवस सरलेली, पूल झालेली गावं या नद्यांवर पुष्कळ आहेत आणि ती नांदताहेत.

उरलेलं अर्धं कारण बघायला कमर्शियल अ‍ॅव्हेन्यूवर जाऊ.

(दृश्य : कमर्शियल अ‍ॅव्हेन्यू. निवेदन काही क्षण थांबतं. फक्त पावलांचा आवाज.)

हा गावचा मुख्य बाजार होता. आता दुकानांच्या दर्शनी भिंती तेवढ्या उभ्या आहेत. मागे छप्पर नाही. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आभाळ दिसतं. विटांच्या फटींतून झाडं उगवलीत आणि त्यांची खोडं आता मनगटाएवढी झालीत. एका बाजूला बांध, त्याच्यापलीकडे ओहायो. पण इथं उभं राहून नदी दिसत नाही. नदीसाठी वसलेलं गाव, आणि बाजारातून नदीच दिसत नाही.

हा आठव्या रस्त्याचा चौक. इथं मी तुम्हाला थोडं जास्त वेळ थांबवणार आहे.

1909 मध्ये या चौकात विजेच्या दिव्यांनी मढवलेली एक कमान होती. त्या वर्षी 11 नोव्हेंबरच्या रात्री विल्यम जेम्स नावाच्या कृष्णवर्णीय माणसाला जमावानं इथं आणलं. त्याच्यावर एका गोऱ्या तरुणीच्या खुनाचा आरोप होता. खटला चालला नव्हता. हजारोंचा जमाव होता. दिवे लावलेले होते, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून. कमानीला दोर बांधला. दोर तुटला, तेव्हा त्याच्यावर गोळ्या झाडल्या. नंतर या जागेच्या छायाचित्रांची पोस्टकार्डं निघाली. ज्या गावात निसटलेले गुलाम स्वातंत्र्य शोधत उतरले होते, त्याच गावात, अर्ध्या शतकाच्या आत, हा झुंडबळी. पत्रकार आयडा बी. वेल्स शिकागोहून इथं आल्या, घरोघर फिरून साक्षी जमवल्या आणि गव्हर्नरसमोर उभ्या राहिल्या. कैद्याचं रक्षण न करणाऱ्या शेरीफला, म्हणजे तिथल्या पोलीस प्रमुखाला, त्याची जागा परत मिळाली नाही ती त्यांच्यामुळे.

चौकात आज काही नाही. कमान नाही. वारा आहे.

पुढची साठ वर्षं गाव दोन भागांत जगलं. 1967 च्या जुलैमध्ये रॉबर्ट हंट हा 19 वर्षांचा कृष्णवर्णीय सैनिक रजेवर आलेला असताना पोलिसांच्या कोठडीत फासाला लटकलेला सापडला. पोलीस म्हणाले, आत्महत्या. त्याच्या वस्तीतल्या कोणाचाही त्यावर विश्वास बसला नाही. दंगल उसळली, नॅशनल गार्ड हे राज्याचं राखीव सैन्य उतरलं. गोऱ्या रहिवाशांनी हत्यारबंद टोळी उभारली. लोक त्यांना ‘व्हाइट हॅट्स’ म्हणायचे. कृष्णवर्णीयांच्या पिरॅमिड कोर्ट्स या वसाहतीवर रात्री गोळ्या झाडल्या जायच्या.

1969 मध्ये युनायटेड फ्रंट नावाच्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेनं याच बाजारावर बहिष्कार पुकारला. मागणी काय होती? ज्या दुकानांत आम्ही पैसे खर्च करतो, तिथं आमच्या माणसांना नोकऱ्या द्या. एवढीच. बहिष्कार वर्षानुवर्षं चालला आणि एकामागून एक दुकानं मिटली. गल्ल्यावर कृष्णवर्णीय माणूस बसवण्यापेक्षा दुकान बंद केलेलं बरं, असं ठरवणारे मालक होते. त्याच्या काही वर्षं आधी गावचा पोहण्याचा तलावही असाच बंद झाला होता, सगळ्यांना एकत्र पोहू द्यायला नको म्हणून.

1960 मध्ये लोकसंख्या 9,348 होती, 1970 मध्ये 6,277. एका दशकात तिसरा हिस्सा माणसं गेली. महामार्गाचा पूल व्हायला अजून आठ वर्षं होती.

म्हणून कोणी तुम्हाला सांगितलं, की नद्यांनी हे गाव मारलं, तर त्यांना या चौकात आणा.

(दृश्य : आठव्या रस्त्यावरचं जेम थिएटर. बंद दार. नावाची पाटी.)

जेम थिएटर 1978 मध्ये बंद झालं. गावचं रुग्णालय 1986 मध्ये. एकुलतं एक किराणा दुकान 2015 मध्ये. इथली बरीच माणसं म्हातारी आहेत, सगळ्यांकडे गाडी नाही, आणि दुधासाठीसुद्धा दुसरं गाव गाठायचं. 2023 मध्ये लोकांनी सहकारी तत्त्वावर स्वतःचं दुकान काढलं. त्या दिवशी किती गर्दी झाली असेल, याची कल्पना करा.

हे मोकळं मैदान दिसतंय तिथं एल्मवुड आणि मॅकब्राइड या सरकारी वसाहती होत्या. वर्षानुवर्षं देखभाल झाली नाही. उंदीर, बुरशी, बंद पडलेलं हीटिंग. 2017 मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण खात्यानं जाहीर केलं, की घरं राहण्यालायक नाहीत, सगळ्यांनी हलायचं. सुमारे 400 माणसं, त्यातली जवळपास निम्मी मुलं. गावात दुसरी घरंच नव्हती, तेव्हा हलायचं म्हणजे गाव सोडायचं. शाळेचे वर्ग एका फटक्यात रिकामे होणं म्हणजे काय, ते या गवताकडे बघून कळत नाही. पण इथंच अंगण होतं, इथंच सायकली पडलेल्या असायच्या.

(दृश्य : बांधाची चढण. वर आल्यावर अचानक नदी.)

ही बघा ओहायो. आता मागे वळून गावाकडे बघा. पूर आला की नदी वर असते आणि छपरं खाली. 2011 च्या मे महिन्यात इथली पातळी 61.72 फुटांवर गेली. आजवरची सर्वात जास्त. पूरभिंत 64 फुटांची. गाव रिकामं केलं होतं. वाचवायचा एकच उपाय उरला होता: नदीपलीकडे मिसुरी राज्यात बर्ड्‌स पॉइंटचा बांध सुरुंगानं उडवायचा आणि पाणी तिकडच्या शेतांत सोडायचं. मिसुरीच्या प्रतिनिधिगृहाच्या अध्यक्षांना पत्रकारांनी विचारलं, शेतं बुडावीत की केरो? ते म्हणाले, केरो. नंतर त्यांनी माफी मागितली, पण इथल्या माणसांनी ते ऐकलं होतं.

2 मेच्या रात्री लष्कराच्या अभियंत्यांनी बांध उडवला. सुमारे 1 लाख 30 हजार एकर जमीन पाण्याखाली गेली. केरो वाचलं. आणि पाण्याखाली गेलेल्या त्या जमिनीवर पिनहुक नावाचं खेडं होतं, कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी 1940 च्या दशकात वसवलेलं. ते त्या जागी पुन्हा उभं राहिलं नाही. केरो वाचल्याचा आनंद सांगताना पिनहुकचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

(दृश्य : फोर्ट डिफायन्स. जमिनीचं टोक. दोन्ही नद्या.)

हे टोक. इलिनॉयमधली सर्वात सखल जागा. आपल्याकडे संगम म्हटला की घाट, देऊळ, दिवे सोडणारी माणसं. इथं चिखल आहे, वाहून आलेले ओंडके आहेत, आणि गाडीत बसून पाण्याकडे बघणारा एक म्हातारा. डावीकडून ओहायो, जरा हिरवट. उजवीकडून मिसिसिपी, गढूळ तपकिरी. दोघींचे रंग बऱ्याच अंतरापर्यंत वेगवेगळे वाहतात. या जागी ओहायोचं पाणी जास्त असतं, पुढे नाव मात्र मिसिसिपीचं लागतं.

बार्जांचा, म्हणजे सपाट मालवाहू तराफ्यांचा, ताफा ढकलत एक बोट चालली आहे. धान्य असेल, कोळसा असेल. इथल्या पाण्यावर आजही बार्ज सोडतात, जोडतात, पुढे पाठवतात. काम नदीत आहे. गावात बंदर व्हावं म्हणून राज्य सरकारनं 2020 मध्ये 4 कोटी डॉलर देऊ केले. काठावर अजून झाडंच आहेत.

ओहायोच्या काठावर पाण्याची पातळी मोजायची पट्टी आहे. केरोची पट्टी. तिचा आकडा रोज घेतला जातो, कारण दोन नद्यांचं पाणी मिळून खाली किती येणार ते इथंच कळतं. मेम्फिसपासून न्यू ऑर्लिन्सपर्यंत बांध राखणारे, बोटी हाकणारे, नदीकाठी शेती करणारे सगळे त्या आकड्याकडे बघतात. शेकडो मैल खाली, हे गाव कधीही न पाहिलेली माणसं पावसाळी सकाळी उठून पहिल्यांदा विचारतात, केरोला पाणी किती?