कागदावरचं वय आणि गुडघ्यातलं वय

मंडळी, क्वार्टर हॉर्स हा अमेरिकेतल्या गुराख्यांचा घोडा. पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे चारशे मीटरच्या शर्यतीत तो भल्याभल्यांना मागे टाकतो, म्हणून त्याचं नाव 'क्वार्टर'. पुठ्ठे भरदार, अंग आटोपशीर, गाईसमोर उभा राहिला की मांजरासारखा खाली वाकणारा. त्याची वंशनोंद ठेवणारी अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशन १९४० मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला स्थापन झाली. १९४१ च्या तिथल्या प्रदर्शनात जो पैदाशीचा घोडा अव्वल ठरेल त्याला नोंदवहीतला पहिला क्रमांक, असं ठरलं होतं. तो मान किंग रँचच्या विम्पीला मिळाला. इतिहास इथेच सोडतो, कारण शिंगरू वाढवणाऱ्याला सगळ्यात जास्त गोंधळात टाकते ती गोष्ट वेगळीच आहे, आणि ती म्हणजे वय.

नोंदवहीच्या हिशेबात प्रत्येक घोडा १ जानेवारीला एक वर्षाने मोठा होतो. २० मेला जन्मलेलं शिंगरू सात महिन्यांचं असतानाच कागदावर एक वर्षाचं होऊन बसतं. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या रेसच्या घोड्यांनाही हाच नियम आहे. आता यातली मेख पाहा. कटिंग (कळपातून एक गाय वेगळी काढणं) आणि रेनिंग (ठरावीक वळणं, गिरक्या आणि घसरत थांबणं) या खेळांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धा, ज्यांना फ्युचुरिटी म्हणतात, त्या तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असतात आणि वर्षाच्या अखेरीस होतात. मे महिन्यातलं शिंगरू तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षांचं असतं. तिथे तयार उतरायचं म्हणजे दुसरं वर्ष भरण्याच्या आसपास, कधी त्याच्याही आधी, खोगीर चढवावं लागतं.

हाडांना हे वेळापत्रक कुणी कळवलेलं नसतं. लांब हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते, वाढ तिथून होते. पायाच्या नळीची खालची पट्टी पहिल्या वर्षाच्या आतच भरून येते. पुढच्या गुडघ्याच्या लगेच वरची पट्टी भरायला दोन ते अडीच वर्षं लागतात. पाठीचे मणके तर पाच वर्षं उलटल्यावर पक्के होतात. क्ष-किरणाच्या फोटोत गुडघा 'बंद' दिसला की चाबूकस्वार खूश होतो, पण तो बसणार असतो पाठीवर. याचा अर्थ शिंगराला तबेल्यात जपून ठेवायचं असाही नाही. भार पडल्याशिवाय हाड घट्ट होत नाही. चोवीस तास कोंडलेल्या शिंगराची हाडं कुरणात मनसोक्त पळणाऱ्यापेक्षा कच्ची राहतात. सरळ रेषेत थोडं पळणं चांगलं. लहान वर्तुळात तासन्‌तास फिरवलं की सांध्याच्या एकाच बाजूवर ताण येतो, आणि घात होतो तो तिथे.

जन्माच्या वेळेचा हिशेब सोपा आहे: तासाभरात उभं राहावं, दोन तासांत आचळाला लागावं आणि घोडीची वार तीन तासांत पडावी. नाळ क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकाच्या ०.५ टक्के द्रावणात बुडवायची. चिकातली रोगप्रतिकारकं शिंगराच्या आतड्यात पहिल्या दिवसातच शिरतात, पुढे ते दार बंद होतं. म्हणून अठरा ते चोवीस तासांच्या दरम्यान रक्तातलं आयजीजी, म्हणजे याच प्रतिकारकांचं प्रमाण, तपासतात. ते डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर हवं.

चार ते सहा महिन्यांत आईचं दूध तुटतं आणि चुका सुरू होतात त्या इथून. मोठेपणी ५०० किलो भरणारा घोडा सहाव्या महिन्यात साधारण २१६ किलोचा आणि वर्षाचा झाला की ३२१ किलोचा असतो. म्हणजे दिवसाला अर्ध्या किलोच्या थोडी वर वाढ. विक्रीत शिंगरू गुबगुबीत दिसावं म्हणून चंदी वाढवली की वजन धावतं आणि कूर्चा मागे राहते. गुडघ्याच्या वर आणि खुरावरच्या सांध्याजवळ सूज येते, पाय डमरूसारखा दिसू लागतो. अशा वेळी धान्य कमी करायचं, गवत आणि खनिजं तशीच ठेवायची. खाद्यात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कधीही कमी नको, दुपटीपर्यंत चालतं. गव्हाच्या कोंड्यात हे प्रमाण नेमकं उलटं असतं. कोंड्यावर वाढवलेल्या जनावराचं शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून घेतं आणि जबड्याचं हाड सुजतं. लसूणघासात कॅल्शियम भरपूर, म्हणून ती सोबतीला चांगली, पण त्याला एक अपवाद आहे आणि तो नोंदणीच्या कागदावर सापडतो.

नोंदणीचा पहिला कागद शिंगरू जन्मण्याआधीच निघालेला असतो. पैदाशीच्या घोड्याचा मालक त्या वर्षी लागलेल्या माद्यांची यादी ३० नोव्हेंबरपर्यंत संस्थेकडे पाठवतो. पुढे तोच पैदास-दाखल्यावर सही करतो. शिंगरू जन्मलं त्या दिवशी घोडी ज्याच्या मालकीची, त्याने अर्ज करायचा. त्यात रंग, खुणा, नाव. नाव मोकळ्या जागांसकट वीस अक्षरांत बसवावं लागतं. जितका उशीर, तितकी फी जास्त. डीएनएसाठी आयाळीचे किंवा शेपटीचे केस मुळासकट उपटून लागतात. कापलेले केस उपयोगाचे नाहीत, कारण लागतं ते मूळच. अडतं कुठे? लागणीची फी थकली म्हणून दाखला मिळत नाही. किंवा घोडी मध्येच विकली जाते आणि मालकी-बदलाच्या कागदावर विकणाऱ्याची सहीच घेतलेली नसते. दोन-तीन हात फिरल्यावर ती सही मिळवणं घोडा शिकवण्यापेक्षा अवघड.

पैदाशीच्या घोड्याच्या पिल्लांची नोंद व्हायची तर २०१५ पासून त्याची पाच जनुकीय आजारांची चाचणी संस्थेकडे असावी लागते. पुढे सहावा आजार त्यात आला. यातला एचवायपीपी हा १९६९ मध्ये जन्मलेल्या इम्प्रेसिव्ह या घोड्याच्या वंशातून पसरला. स्नायू थरथरतात, रक्तातलं पोटॅशियम वाढतं, घोडा कोसळूही शकतो. दोन्ही बाजूंनी हे जनुक आलेली, २००७ पासून जन्मलेली शिंगरं नोंदली जात नाहीत. एका बाजूने आलेल्यांची नोंद होते, पण त्यांना लसूणघास आणि काकवी घालू नये, कारण दोन्हींत पोटॅशियम फार. दुसरा आजार हर्डा. तो कटिंगच्या घोड्यांत जास्त दिसतो. पाठीची कातडी सैल पडते आणि फाटते. तो बहुधा कळतो तो खोगीर घालायला लागल्यावर, म्हणजे सगळा खर्च झाल्यावर. घोडी लावण्यापूर्वी दोन्हीकडचे अहवाल वाचले तर ही वेळ येत नाही.

आता शिकवणं. मोहोरकी, मागे चालणं आणि पाय उचलू देणं पहिल्या काही आठवड्यांत सुरू करता येतं. खूर महिन्या-दीड महिन्याचे असल्यापासून दर सहा ते आठ आठवड्यांनी कापावेत, तेव्हाच पाय सरळ राहतात. खांबाला बांधणं मात्र शिंगरू ओढीला नमायला शिकल्याशिवाय नाही. बांधाल तेव्हा मजबूत खांबाला, खांद्याच्या उंचीवर, एका ओढीत सुटणाऱ्या गाठीने. खाली बांधलेलं शिंगरू मागे ओढतं आणि मानेला कायमची इजा करून घेतं.

वेस्टर्न खोगीर बारा ते अठरा किलोचं असतं आणि त्याला दोन तंग असतात. आधी पुढचा आवळायचा, खोगीर घसरणार नाही इतपतच. घोड्याला चार पावलं चालवायचं, मग एक भोक पुढे, पुन्हा चालवायचं, पुन्हा एक भोक. एका दमात करकचून आवळलेला तंग घोडा वर्षानुवर्षं विसरत नाही, मग दर वेळी खोगीर पाहताच पाठ फुगवतो. मागचा तंग पोटाला हलका टेकलेला हवा. लोंबता राहिला तर मागचा पाय त्यात अडकतो. दोन्ही तंगांना जोडणारा छोटा पट्टा विसरलात तर मागचा तंग कुशीकडे सरकतो आणि घोडा उधळतो. दोष त्याचा नसतो. काढताना उलटा क्रम, मागचा तंग आधी. पुढचा आधी सोडला आणि घोडा दचकला तर खोगीर पोटाखाली जाऊन लटकतं, आणि ते शिंगरू पुढचे कित्येक महिने वाया जातं.

साठ फूट व्यासाच्या गोल रिंगणात काम करायचं, पण एका वेळी वीसेक मिनिटं. स्वार बसण्याआधी लांब दोऱ्यांनी मागून हाकावं म्हणजे थांबणं-वळणं जमिनीवरच पक्कं होतं. पहिल्या स्वारीत एकाच लगामाने मान बाजूला वळवून मागचे पाय आडवे टाकायला लावणं, एवढंच मागावं. मागचे पाय आडवे गेले की उडी मारायला जोर उरत नाही.

लगाम घालण्याआधी दात पाहणं बरेच जण विसरतात. दाढांच्या पुढचा छोटा लांडगा-दात असेल तर तो आधी काढावा, नाहीतर लगामाची तोंडातली कडी त्यावर आपटते. दोन-अडीच वर्षांपासून दुधाच्या दाढांच्या टोप्या सुटू लागतात. अशा दिवसांत घोडा मान झटकतो, लगामाला लढतो आणि चाबूकस्वार त्याला हट्टी ठरवतो. पायाची ताकद लावण्याआधी तोंडात हात घालून पाहावं. स्पर्धेच्या नियमातही याची दखल आहे. पाच वर्षांपर्यंतचा घोडा 'ज्युनियर', त्याला स्नॅफल (तोंडातली साधी कडी) किंवा हॅकमोर (कडीशिवायचा, नाकावर दाब देणारा लगाम) घालून दोन हातांनी चालवता येतं. सहाव्या वर्षापासून सर्वसाधारणपणे कर्ब (तरफेसारखी दाब देणारी कडी) आणि एक हात. त्याच सुमाराला पुढचे सगळे कायमचे दात आलेले असतात आणि मणकेही भरत आलेले असतात. कॅलिफोर्नियातले जुने व्हाकेरो, म्हणजे तिथले गुराखी, तर आधी नुसतं नाकावरचं हॅकमोर, मग हॅकमोर आणि कडी दोन्ही, आणि मग कुठे नुसती कडी, असा प्रवास काही वर्षांत करत. त्यांच्याकडे डिसेंबरची फ्युचुरिटी नव्हती.