नव्वद सेकंद

५ ऑक्टोबर २००४, क्लीव्हलँड. पडद्यावर अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाचे दोन उमेदवार टीव्हीवरच्या जाहीर वादचर्चेसाठी एकाच टेबलाशी बसलेत. विषय समलिंगी विवाहाचा. बोलता बोलता डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन एडवर्ड्स समोर बसलेल्या उपाध्यक्ष डिक चेनींच्या मुलीवर येतात, तेही कौतुकाच्या सुरात. आपली मुलगी समलिंगी आहे हे चेनी पती-पत्नी मोकळेपणानं सांगतात, तिला जवळ करतात, याचा आदरच वाटतो, असं ते म्हणतात.

आता डिक चेनींकडे बघा. उत्तरासाठी त्यांना नव्वद सेकंद मिळालीत. कुटुंबाविषयी चांगलं बोलल्याबद्दल ते आभार मानतात आणि गप्प होतात. सूत्रसंचालक ग्वेन आयफिल विचारतात, एवढंच? चेनी म्हणतात, एवढंच.

मुलीचा विषय इथवर आला कसा? त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष बुश यांना समलिंगी विवाह रोखणारी घटनादुरुस्ती हवी होती. चेनींचं मत वेगळं होतं. ऑगस्टमध्ये आयोवातल्या सभेत मुलीचा दाखला देऊन त्यांनीच ते जाहीरपणे मांडलं होतं. ही मुलगी, मेरी, स्वतः वडिलांच्या प्रचारयंत्रणेत काम करत होती. गुपित असं काही नव्हतंच. तरी वडिलांनी आपल्या लेकीबद्दल बोलावं ते मायेपोटी. प्रतिस्पर्ध्यानं तिचं नाव काढलं ते मतं मागताना.

आठ दिवसांनी टेंपी, ॲरिझोना. आता वादचर्चा राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची. प्रश्न येतो: समलैंगिकता माणूस स्वतः निवडतो का? बुश म्हणतात, मला माहीत नाही. त्यांचे डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी जॉन केरी म्हणतात, डिक चेनींची मुलगी लेस्बियन आहे, तिला विचारलंत तर ती सांगेल की ती जन्मापासूनच अशी आहे.

मंचावर दोन माइक दिसतायत. तिच्यासाठी तिसरा नाही.

त्याच रात्री तिची आई, लिन चेनी, सभेत उभी राहून केरींना 'हा चांगला माणूस नव्हे' असं सुनावते. आपल्याला चांगलंच म्हणायचं होतं, असा खुलासा केरी नंतर करतात. नोव्हेंबरमध्ये बुश-चेनी निवडून येतात.

२९ सप्टेंबर २०२०. पुन्हा क्लीव्हलँड, पुन्हा राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची वादचर्चा. जो बायडन आपल्या दिवंगत मुलाबद्दल, इराकमध्ये सेवा बजावलेल्या बो बायडनबद्दल, बोलतायत. डोनाल्ड ट्रम्प मध्येच तोडतात: 'बो'ला मी ओळखत नाही, हंटरला ओळखतो. हंटर हा बायडन यांचा दुसरा मुलगा. आणि कोकेनमुळे हंटरला लष्करातून हाकललं, असं बोलू लागतात. वडील उपाध्यक्ष असताना हंटरला युक्रेनमधल्या कंपनीचं संचालकपद मिळालं, त्याबद्दल जरूर विचारावं. तो लोकांचा हक्क आहे. पण पोराच्या व्यसनाचा देश चालवण्याशी काय संबंध?

बायडन आता थेट कॅमेऱ्याकडे बघतायत. तुमच्या ओळखीतल्या अनेकांसारखंच माझ्याही मुलाला व्यसन लागलं होतं, त्यानं त्यावर मेहनत घेतली, मला त्याचा अभिमान आहे, असं ते सांगतात.

हे दृश्य आम्ही कुठेही कापलेलं नाही.