रिमोटचं झाकण

नमस्कार श्रोतेहो.

मिशिगनमधल्या नोव्हाय गावात आमच्या घरी टीव्हीचा जो रिमोट आहे, त्याला मागचं झाकण नाही. बॅटऱ्या पडू नयेत म्हणून ब्रोकोलीच्या गड्ड्याला असतं तसलं निळं रबरबँड त्यावर गुंडाळलंय. पाहुणे विचारतात, अहो, नवीन का घेत नाही? मी विषय बदलायला बघतो, पण बायको बदलू देत नाही. ती एक तारीखच सांगते : २७ एप्रिल २०२३. सध्या सुट्टीला इकडे गावी आलोय आणि रेडिओ केंद्रावरून बोलावणं आलं, तेव्हा म्हटलं, लोकांना तीच गोष्ट सांगावी.

त्या रात्री टीव्हीवर सामना नव्हता. चेंडू नव्हता, मैदान नव्हतं. सूट घातलेला एक माणूस व्यासपीठावर यायचा, हातातल्या कार्डावरचं एक नाव वाचायचा आणि जायचा. एवढंच. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये नवे खेळाडू घेण्याचा हा वार्षिक सोहळा. त्याला ड्राफ्ट म्हणतात.

तुम्हाला आयपीएलचा लिलाव माहीत आहे. पैसा ज्याच्याकडे, खेळाडू त्याचा. इथे बोली नाही. कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं एका बाजूला आणि बत्तीस संघ दुसऱ्या बाजूला. गेल्या हंगामात जो संघ सगळ्यांत तळाशी, त्याला पहिली निवड. विजेत्याचा नंबर शेवटचा. अशा सात फेऱ्या. पहिल्या फेरीत तेव्हा प्रत्येक संघाला दहा मिनिटं मिळायची. आपला नंबर दुसऱ्याला देऊन त्याबदल्यात त्याचे दोन-तीन नंबर घेता येतात, म्हणजे बाजार इथेही आहेच, फक्त पैशांऐवजी नंबरांचा. ही पद्धत १९३६ पासून चालू आहे. पहिल्या वर्षी सगळ्यांत आधी ज्याचं नाव पुकारलं गेलं, तो जे बर्वँगर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. सुरुवातच अशी.

आपल्याकडेही असा एक ड्राफ्ट झाला होता, पण तो फारसा कुणाच्या लक्षात नाही. २००८ साली, आयपीएलच्या पहिल्याच वर्षी, एकोणीस वर्षांखालच्या पोरांचा लिलाव न करता त्यांची निवड केली गेली. दिल्लीने प्रदीप सांगवानला घेतलं. त्यांच्याच गावचा विराट कोहली बंगळुरूकडे गेला. दिल्लीकरांना त्या दिवशी काही वावगं वाटलं असेल असं मला वाटत नाही. डावखुरा वेगवान गोलंदाज मिळाला होता!

तर माझा संघ डेट्रॉईट लायन्स. मी मोटारींच्या कामासाठी २००५ साली डेट्रॉईटला आलो. नोव्हाय, ट्रॉय, कँटन या भागांत आपली मराठी माणसं बरीच, आणि बहुतेकांची पोटं गाड्यांवरच. ऑफिसात सोमवारी सकाळी बोलायचं काय, तर लायन्स कसे हरले. मी आलो त्याच एप्रिलमध्ये लायन्सने पहिल्या फेरीत एक रिसीव्हर घेतला, म्हणजे पळत जाऊन पास झेलणारा गडी. त्याच्या आदल्या वर्षीही पहिल्या फेरीत रिसीव्हर. त्याच्या आदल्या वर्षीही. लागोपाठ तीन वर्षं. घरात चार माणसं आणि दरवर्षी एक छत्री विकत घ्यायची, असला प्रकार. २००८ मध्ये सोळा सामने खेळले आणि सोळाच्या सोळा हरले. शेवटचं विजेतेपद १९५७ चं. त्यानंतर २०२३ उजाडेपर्यंत बाद फेरीत जिंकलेला सामना किती, तर एक.

अशा संघाच्या चाहत्याचा हंगाम एप्रिलमध्येच असतो. बाकीचे लोक फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, बघतात, आम्ही ड्राफ्टची वाट बघायचो. तळाला असल्यामुळे नंबर नेहमी वरचा, आणि त्या एका रात्री आमच्याइतकं श्रीमंत कुणी नसायचं. जानेवारीपासून मी मॉक ड्राफ्ट करायला बसायचो, म्हणजे कोण कुणाला घेईल त्याची अंदाजपत्रकं. कोणता पोरगा किती सेकंदांत चाळीस यार्ड पळतो हे मला पाठ. मुलाची दहावीची परीक्षा कधी आहे हे मात्र बायकोला विचारायचं.

२०२३ साली आमच्याकडे सहावा नंबर होता, आणि तो आमचा नव्हताच. बारा वर्षं आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य गडी, असलेला मॅथ्यू स्टॅफर्ड २०२१ मध्ये लॉस एंजेलिसला दिला, त्याच्या बदल्यात आलेला. शिवाय स्वतःचा अठरावा. तळघरात आम्ही सहा-सातजण जमलो होतो. एका सांगलीकर मित्राने भडंग आणलं होतं. मी निळी जर्सी घालून मधल्या सोफ्यावर. संघाला हवा होता बचावातला गडी. समोरच्या भिंतीत घुसणारा जॅलन कार्टर, नाहीतर रिसीव्हरला अडवणारा कॉर्नरबॅक ख्रिश्चन गोन्झालेझ. यावर तळघरात एकमत होतं, आणि चार मराठी माणसांचं एकमत होणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

सहावा नंबर आला आणि लायन्सने तो ॲरिझोनाला देऊन टाकला. त्याबदल्यात बारावा घेतला आणि दुसऱ्या फेरीतला चौतिसावा. ठीक आहे, म्हटलं, व्यवहार आहे. नवव्या नंबरला कार्टर फिलाडेल्फियाला गेला. हळहळलो. पण गोन्झालेझ अजून होता. बारावा नंबर. माणूस कार्ड घेऊन आला. जमीर गिब्स, रनिंग बॅक, अलाबामा.

रनिंग बॅक म्हणजे चेंडू पोटाशी धरून गर्दीतून पळणारा. आणि त्या काळात आकडेवारीवाल्या सगळ्या पंडितांचं म्हणणं असं की, हा गडी स्वस्तात कुठेही मिळतो, चार वर्षांत झिजतो, त्याच्यावर पहिल्या फेरीचा नंबर खर्च करणं म्हणजे वेडेपणा. मलाही ते पाठ होतं. मी उठलो आणि हातातला रिमोट सोफ्यावर आपटला. तो उसळला, टेबलाच्या कडेला लागला, बॅटऱ्या एकीकडे, झाकण एकीकडे, भडंग सगळीकडे. ‘परत तेच!’ मी ओरडलो. ‘वीस वर्षं झाली, परत तेच!’

बायको जिन्यावर उभी होती. म्हणाली, ‘अरे, त्या पोराच्या घरी आज दिवाळी असेल. आणि तू शिव्या कुणाला देतोयस?’

मी उत्तर दिलं नाही, कारण तोवर सतरावा नंबर जवळ येत होता. सतराव्याला न्यू इंग्लंडने गोन्झालेझ उचलला. आणि अठराव्याला आम्ही घेतला जॅक कॅम्पबेल, आयोवाचा लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या मधल्या रांगेतला गडी. पंडितांच्या वहीत हाही स्वस्तातला माल. सांगलीकर मित्र चपला घालायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकालपत्रकं आली. या खेळातली मला सगळ्यांत मजेची वाटणारी गोष्ट हीच. पोरांनी अजून संघाचा पोशाखसुद्धा अंगात घातलेला नसतो आणि वर्तमानपत्रांत, टीव्हीवर प्रत्येक संघाला ए, बी, सी अशी श्रेणी देऊन मोकळे. पेपर लिहायच्या आधीच निकाल. आमच्या वाट्याला शेरे वाईटच आले, आणि मी ते ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवले.

आता पुढचं ऐका. ॲरिझोनाकडून आलेल्या त्या चौतिसाव्या नंबरावर लायन्सने सॅम लापोर्टा हा टाइट एंड, म्हणजे अडवायचंही आणि पासही झेलायचे असा गडी, घेतला. पहिल्याच हंगामात त्याने ८६ पास झेलले, तोवरच्या इतिहासात त्या जागेवर खेळणाऱ्या कुठल्याही नवख्याने झेलले नव्हते इतके. पंचेचाळिसाव्याला ब्रायन ब्रांच. सप्टेंबरमध्ये हंगामाचा पहिलाच सामना कॅन्सस सिटीत, गतविजेत्यांच्या घरी. ज्या शहरात ड्राफ्ट झाला तेच शहर. ब्रांचने त्यांच्या क्वार्टरबॅकचा, पॅट्रिक महोम्सचा, पास मध्येच पकडला आणि पन्नास यार्ड पळत जाऊन टचडाऊन केला, म्हणजे चेंडू थेट शेवटच्या रेषेपार नेला. आम्ही २१-२० असे जिंकलो. आणि गिब्स? हा पोरगा कोपऱ्यावर वळतो तेव्हा त्याला पकडणारे उभ्या उभ्या दिशा विसरतात. २०२४ च्या हंगामात त्याने वीस टचडाऊन केले. शेवटच्या साखळी सामन्यात, मिनेसोटाविरुद्ध, एकट्याने चार.

मी हे सांगतोय ते रिमोटच्या वतीने माफी मागायला नाही. मी चुकलो, ते तर सगळेच चुकतात. पुढे सगळ्यांत थोर क्वार्टरबॅक म्हणून गाजलेल्या टॉम ब्रेडीला २००० साली १९९ व्या नंबरापर्यंत कुणी हात लावला नव्हता. आमचाच अमॉन-रा सेंट ब्राऊन चौथ्या फेरीत आला, ११२ वा, आणि आपल्याआधी ज्या सोळा रिसीव्हरांची नावं पुकारली गेली ती त्याला आजही क्रमाने पाठ आहेत. मला खटकलं ते वेगळंच. मी गिब्सचा अलाबामाकडून खेळलेला एकही सामना पूर्ण बघितला नव्हता. शिव्या मी २००३, २००४ आणि २००५ ला देत होतो. त्या पोराचा त्यात संबंध काय? २००५ साली तो तीन वर्षांचा होता.

आणि हो, जानेवारी २०२४ मध्ये आम्ही बाद फेरीत जिंकलो. बत्तीस वर्षांनी. समोर कोण, तर स्टॅफर्डच, लॉस एंजेलिसच्या कपड्यांत. २४-२३. दोन आठवड्यांनी, सुपर बोलच्या दारात, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला २४-७ असे पुढे असताना हरलो. त्यांचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी हा २०२२ च्या ड्राफ्टमधला २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा खेळाडू. त्या शेवटच्या नंबराला लोक गमतीने ‘मिस्टर इररेलेव्हंट’ म्हणतात. बिनकामाचे साहेब! त्या साहेबांना घ्यायची संधी आम्हालाही होती.

त्या एप्रिलमध्ये ड्राफ्टच डेट्रॉईटला आला. दरवर्षी नव्या शहरात भरतो, जत्रेसारखा. २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केलेलं हे शहर, आणि त्याच्या मधोमध कॅम्पस मार्शियस चौकात व्यासपीठ. तीन दिवसांत पावणेआठ लाख लोक आले, तोवरचा विक्रम. मी मुलाला घेऊन दुपारीच जाऊन उभा राहिलो. पुढे दिसत काही नव्हतं, फक्त निळ्या पाठी आणि पडदे. शेजारी एक म्हातारे गृहस्थ घडीची खुर्ची घेऊन आले होते, पण बसायला जागाच नसल्याने ती डोक्यावर धरून उभे होते. रॅप गायक एमिनेम आला तेव्हा जमीन हादरली. शिकागोचं नाव आलं की हुर्यो. ती पद्धतच आहे. आमचा नंबर एकोणतिसावा होता, पण लायन्सने वर सरकून चोविसाव्याला टेरियन अर्नोल्ड हा कॉर्नरबॅक घेतला, तेव्हा खुर्चीवाल्या आजोबांनी मला मिठी मारली. खुर्ची माझ्या खांद्याला लागली. काही वाटलं नाही.

तो हंगाम आमचा होता. सतरापैकी पंधरा सामने जिंकले. १८ जानेवारी २०२५ ला फोर्ड फील्डवर बाद फेरीचा सामना, समोर वॉशिंग्टन. मी आणि मुलगा स्टेडियममध्ये. वॉशिंग्टनच्या जेडन डॅनियल्स या नवख्या क्वार्टरबॅकने आमची पिसं काढली. ४५-३१.

पार्किंगमध्ये गाडीचं हीटर लागेपर्यंत कुणी बोललं नाही. मग मुलाने फोन काढला, काहीतरी शोधलं आणि माझ्यासमोर धरलं. नऊ महिन्यांपूर्वीचा व्हिडिओ होता, कॅम्पस मार्शियसचा, तिथून चालत पंधरा मिनिटांवरचा. पडद्यावर दुसरा नंबर, कार्ड घेतलेला माणूस : वॉशिंग्टन, जेडन डॅनियल्स. लोक टाळ्या वाजवतायत, आणि त्या सगळ्या गोंगाटात, फोनच्या अगदी जवळ, माझा आवाज, शुद्ध मराठीत :

‘वॉशिंग्टन ना? जाऊ दे रे. ते कुठे आपल्या वाटेत येतायत!’